लाहीची चव आणि कामगाराचा श्वास



ज्याचे सारे आयुष्य कामगार संघटनेत गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर येऊन खाऊच्या पुड्याविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. आहारशास्त्र मी शिकलेलो नाही. माझी शाळा आठवीत संपली आणि पुढचे शिक्षण नगरवाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. परंतु आजचा विषय मी निवडलेला नाही. तो एका बाईने मला विचारलेल्या प्रश्नातून आला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

२०१८ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यातील काही स्त्रिया संघटनेच्या कचेरीत आल्या. मक्याच्या लाह्या, म्हणजे आजच्या भाषेत पॉपकॉर्न, आणि भाजलेले मखाणे यांना देशोदेशीच्या चवी लावून ते चकचकीत पाकिटांत भरावयाचे, हा त्या कारखान्याचा उद्योग. पेरी-पेरी, चीज, मेक्सिकन, इटालियन अशी चवींची नावे. तक्रार मसाला लावण्याच्या खोलीची होती. तिथे काम करणाऱ्यांना दिवसभर शिंका येत, डोळ्यांतून पाणी वाही आणि दोघींना रात्री धाप लागत असे. त्यांनी सुपरवायझरला सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "अहो मावशी, लसूण-मिरचीच आहे ती. तुमच्या घरी काय वेगळं असतं?" त्या बायांतील सर्वांत वडील बाईने पिशवीतून एक रिकामे पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "भाऊ, यावर लिवलंय, सगळं नैसर्गिक हाय. मग आमची छाती का भरती?"

आजचे माझे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सापडलेले उत्तर आहे.

प्रथम लाही म्हणजे काय ते पाहू. लाही आपल्याला नवी नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरोघर होत, आणि भडभुंज्याच्या भट्टीवर तापलेल्या वाळूत दाणे उडताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मका मात्र पाहुणा. त्याचे मूळ मेक्सिकोत. पेरू देशाच्या किनाऱ्यावर सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची मक्याची कणसे सापडली आहेत आणि त्या काळीही तिथले लोक लाह्या करीत होते, असे संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. लाहीच्या मक्याची साल कठीण व घट्ट असते आणि आत शेकडा सुमारे १४ भाग पाणी असते. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण साल तिला वाट देत नाही. दाब वातावरणाच्या नऊ पटींपर्यंत चढतो, आतील पिठूळ भाग मऊ होतो आणि शेवटी साल फुटते. वाफ एकदम पसरते, पिठाचा फेस होतो व तो थंड होताच तसाच ताठ राहतो. चांगला दाणा मूळ आकाराच्या चाळीस पटींपर्यंत फुलतो. त्या फुललेल्या वस्तूत निम्म्याहून अधिक हवाच असते.

ही हवा दुकानदाराच्या फार उपयोगी पडते. लाहीला स्वतःची चव अगदी बेताची, पण तिचा पृष्ठभाग मोठा आणि खडबडीत. त्यामुळे जी चव लावाल ती तिला चिकटते. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स या गृहस्थाने १८८५ साली आपला धंदा सुरू केला आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याचे वाफेवर चालणारे लाह्यांचे यंत्र लोकांनी गर्दी करून पाहिले. पुढे ऑरविल रेडनबाकर आणि चार्ल्स बोमन या इंडियाना राज्यातील दोघा जोडीदारांनी अधिक फुलणारे संकरित वाण तयार केले आणि १९७० च्या सुमारास 'गूर्मे' हा शब्द लावून ते चढ्या भावाने बाजारात आणले. गूर्मे म्हणजे खाण्यातील दर्दी. रस्त्यावर मिळणारी लाही या एका शब्दाने दिवाणखान्यात जाऊन बसली. त्यानंतर मायक्रोवेव्ह भट्टीत फुगणारी कागदी पिशवी आली. दाणे, तेल, मीठ आणि लोण्याचा वास सारे आधीच तिच्यात भरलेले असल्याने घरच्या माणसाने काही करावयाचे उरले नाही.

आता या चवी लावतात कशा ते सांगतो. आपल्याकडील कारखान्यात एक आडवा, किंचित कललेला ड्रम फिरत असतो. एका बाजूने ताज्या लाह्या आत येतात, त्यांवर तेलाचा बारीक फवारा उडतो आणि वरून मसाल्याची पूड पडत राहते. शंभर ग्रॅम मालाला साधारणतः पाच ते दहा ग्रॅम पूड लागते. बाकीचा माल सगळ्या चवींना एकच. तोच मका, तेच तेल आणि त्याच बाया. सकाळी इटली आणि दुपारी मेक्सिको हा सारा प्रवास फक्त पुडीची गोणी बदलून होतो. म्हणजे पाकिटावर ज्या देशाचे नाव असते, तो देश त्या पाच-दहा ग्रॅमांत मावलेला असतो.

यात फसवणूकच आहे, असे मला म्हणावयाचे नाही. चवींनी प्रवास करणे ही जुनीच गोष्ट आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली आणि आफ्रिकेतही नेली. पेरी-पेरी हे नाव आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मिरचीवाचक शब्दापासून आलेले. तेव्हा मोझांबिकची पेरी-पेरी ही आपल्या ठेच्यातील मिरचीची मावसबहीणच आहे आणि तिला परकी मानण्याचे कारण नाही. माझे भांडण चवीशी नाही. 'नैसर्गिक' या शब्दाकडून आपण जी हमी घेतो, तिच्याशी आहे.

वासाचे द्रव्य आपल्या कायद्याने तीन वर्गांत मोडते. वनस्पती किंवा प्राणिज पदार्थापासून दाबणे, गाळणे, ऊर्ध्वपातन किंवा आंबवणे अशा क्रियांनी काढलेले ते नैसर्गिक. जे रासायनिक रीतीने बनविले, पण ज्याचा रेणू निसर्गातल्याच रेणूसारखा आहे, ते निसर्गसमान. जे निसर्गात आढळत नाही, ते कृत्रिम. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत यांपैकी कोणता वर्ग वापरला ते लिहावे लागते. ही व्यवस्था उपयोगी आहे. परंतु तिच्यावरून द्रव्य कोठून आले एवढेच कळते. त्याने कोणाला काय होईल ते तिच्यावरून कळत नाही.

लोण्याचेच उदाहरण घ्या. विरजणातील काही जीवाणू दुधावर काम करताना डायअसिटिल नावाचे एक द्रव्य तयार करतात. ताक घुसळताना येणारा जो वास आपल्याला आजीच्या स्वयंपाकघरात घेऊन जातो, त्यात या द्रव्याचा मोठा वाटा असतो. ते भट्टीत रसायनांपासून करता येते, तसेच आंबवलेल्या दुधाच्या ऊर्ध्वपातनातूनही मिळते. पहिल्याला एक नाव आणि दुसऱ्याला 'नैसर्गिक' हे नाव. पण दोन्हींतील रेणू एकच. अमेरिकेत ते फार पूर्वीपासून अन्नात निर्धोक मानले गेले होते, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने तसे मानण्यात काही गैरही नव्हते.

आता मी आपल्याला मिसूरी राज्यातील जॅस्पर या लहान गावी नेतो. तिथे मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा एक कारखाना होता. एका मोठ्या टाकीत सोयाबीनचे तेल तापवीत, त्यात मीठ व रंग घालीत आणि वरून लोण्याच्या वासाचे द्रव्य ओतीत. टाकीचे झाकण उघडले की गरम वाफेबरोबर तो गोड वास सगळीकडे पसरे. मिश्रण करणारा कामगार टाकीत डोकावून पाही आणि जवळच पाकिटे भरणारे कामगार उभे असत. मे २००० मध्ये एका डॉक्टराने राज्याच्या आरोग्य खात्याला कळविले की या एकाच कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ माणसांना फुप्फुसाचा एकच दुर्मीळ रोग झालेला आहे. त्याचे नाव ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. यात श्वासनलिकांच्या शेवटच्या, केसासारख्या बारीक फांद्या आतून जखमी होतात, व्रण भरताना आकसतात आणि बंद पडतात. त्या पुन्हा उघडत नाहीत. आधी या माणसांवर दमा, जुनाट खोकला म्हणून उपचार झाले होते. त्यांपैकी काहींची नावे फुप्फुस बदलण्यासाठी थांबलेल्यांच्या यादीत गेली.

कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी अमेरिकेची सरकारी संस्था, जिला थोडक्यात नायॉश म्हणतात, तिने नोव्हेंबर २००० मध्ये तेथील ११७ कामगार तपासले. श्वासमार्ग अरुंद झालेल्यांचे प्रमाण अपेक्षेच्या ३.३ पट निघाले. ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती त्यांच्यात तर ते १०.८ पट होते. हवेत डायअसिटिल जितके जास्त आणि ते जितके दिवस पोटापाण्यासाठी हुंगावे लागले, तितकी फुप्फुसाची शक्ती कमी, असा हिशेब लागला. हा अभ्यास २००२ साली एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माझ्या एका विद्यार्थी मित्राने तो मला मिळवून दिला आणि शब्दकोश घेऊन मी तो पंधरा दिवसांत वाचून काढला. वाचताना त्या बाईचे रिकामे पाकीट माझ्या टेबलावरच होते.

इथे उत्तराचा पहिला भाग सापडला. पोट आणि छाती यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पोटात गेलेल्या पदार्थावर आम्ल, पाचकरस, यकृत असे अनेक पहारेकरी काम करतात. फुप्फुसाच्या टोकाला इतकी नाजूक त्वचा असते की हवा आणि रक्त यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाही. जो पदार्थ खाणाऱ्याने आठवड्यातून एकदा चिमूटभर गिळला, तोच करणाऱ्याने दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस श्वासावाटे घेतला. खाण्यास निर्धोक ठरविणाऱ्या परीक्षेत हा दुसरा माणूस कधी बसलेलाच नव्हता. आणि जे द्रव्य त्याला जाळीत होते ते दुधापासून काढले की रसायनापासून, हे त्याच्या फुप्फुसाला कळत नाही.

पुढे काय झाले तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. जुलै २००६ मध्ये तेथील दोन मोठ्या कामगार संघटनांनी, म्हणजे खाद्य व व्यापार क्षेत्रातील कामगारांच्या संघटनेने आणि टीमस्टर्सनी, सरकारकडे डायअसिटिलवर तातडीचा नियम करण्याची मागणी केली. तो नियम झाला नाही. पुढच्या वर्षी डेन्व्हर येथील एका डॉक्टरीणबाईंनी सरकारला पत्र लिहून कळविले की रोज अशा पॉपकॉर्नच्या पिशव्या फोडून त्यांची वाफ हुंगणाऱ्या एका ग्राहकालाही असाच आजार दिसतो आहे. सप्टेंबर २००७ मध्ये हे वर्तमानपत्रांत आले आणि त्याच सुमारास मोठमोठ्या उत्पादकांनी एकामागून एक जाहीर केले की आम्ही आमच्या मालातून डायअसिटिल काढून टाकीत आहोत. कामगारांचे आजार उघड होऊन सात वर्षे झाली होती. त्या सात वर्षांच्या लढ्याचा परिणाम झाला नसेल असे मी म्हणत नाही. पण ग्राहकाचा एक आजार आणि कामगारांचे अनेक आजार यांचे बाजारातील वजन किती निरनिराळे असते, हे त्या महिन्यात दिसले, आणि ते मी विसरू शकत नाही.

त्यातही एक मेख निघाली. काही ठिकाणी डायअसिटिलच्या जागी त्याचेच भावंड शोभेल असे पेंटेनडायोन नावाचे द्रव्य आले. पाकिटावर 'डायअसिटिल नाही' असे खरेपणाने छापता येऊ लागले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत तेही श्वासमार्गाला तितकेच जाळते असे आढळले. २०१० साली कॅलिफोर्निया राज्याने कामगारांसाठी नियम केला. २०१६ साली नायॉशने शिफारस केली की कामाच्या ठिकाणी हवेच्या एक अब्ज भागांत डायअसिटिलचे पाचाहून अधिक भाग असू नयेत. परंतु ही शिफारसच आहे. अमेरिकेच्या केंद्रीय सरकारने या द्रव्यासाठी बंधनकारक मर्यादा घातलेली नाही. दुसरीकडे, ज्या कारखान्यांनी टाकी झाकली, मिश्रणाची खोली वेगळी केली आणि वाफ जागच्या जागी ओढून घेणारे पंखे बसविले, तिथे हवेतील प्रमाण कितीतरी पटींनी उतरले. उपाय माहीत होता आणि तो लोहाराच्या व सुताराच्या आवाक्यातला होता.

आता आपल्या पुण्याजवळच्या खोलीत परत येऊ. तिथे लोण्याचा वास नव्हता. लसूण, कांदा, मिरची, सुंठ यांच्या पुडी होत्या आणि त्या खरोखरच नैसर्गिक होत्या. सुपरवायझर खोटे बोलत नव्हता. पण घरातल्या मिरचीचे म्हणाल, तर फोडणीत मिरची जळली की शेजारच्या बिऱ्हाडातही ठसका लागतो. चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमक्या या व्याख्यानांच्या दिवसांत, वर्षाचा मसाला कुटून आणणाऱ्या गृहिणींना विचारा. कांडपयंत्राच्या दुकानात पाऊल टाकताच पदर आपोआप नाकाला जातो. हे ज्ञान प्रत्येक घरात आहे. कारखान्याच्या दारातून आत जाताना ते बाहेर काढून ठेवावे, अशी मात्र अपेक्षा असते. लसणाची सुकी पूड सतत श्वासात गेल्याने काहींना कायमचा दमा जडतो, हे वैद्यकाने नोंदविलेले आहे. एकदा शरीर त्या पुडीवर चिडले की पुढे चिमूटभरही पुरते.

आम्ही त्या मालकापुढे चार मागण्या ठेवल्या. पुडीची गोणी उंचावरून न ओतता नळीने खाली सोडावी. ड्रमच्या तोंडाशी धूळ ओढणारा पंखा असावा. झाडू बंद करून ओल्या फडक्याने किंवा यंत्राने सफाई व्हावी. आणि वर्षातून एकदा सर्वांच्या श्वासाची यंत्रावर तपासणी व्हावी. पहिल्या तीन मागण्या वर्षभराच्या बोलण्यांनंतर मान्य झाल्या आणि शिंका बऱ्याच कमी झाल्या. चौथी मान्य झाली नाही. ज्या दोघींना धाप लागत होती त्यांच्यापैकी एकीला कंत्राटदाराने पुढच्या हंगामात बोलावलेच नाही. ती आजारी असल्याचे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे आम्हांला तिच्या बाजूने भांडताही आले नाही. तपासणीची मागणी आम्ही सर्वांत शेवटी ठेवली, ही माझी चूक होती. ती पहिली ठेवावयास हवी होती.

कायद्याविषयी दोन शब्द. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १४ मध्ये, धूळ जिथे निर्माण होते तिथल्या तिथे ओढून घ्यावी असे स्पष्ट लिहिलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. संहितेत हा आकडा वीस आहे. चवींचे पुडे भरणारे कितीतरी उद्योग दहा आणि वीस यांच्या मधलेच आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आपण ग्राहक म्हणून काय करू शकतो? पहिले म्हणजे पाकीट उलटे करून वाचावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत झळकणारा पदार्थ मागच्या यादीत कितव्या जागी आहे ते पाहावे. २०१८ च्या नियमांप्रमाणे अनेक घटकांचा मिळून झालेला खाद्यपदार्थ स्वतःला सरसकट 'नैसर्गिक' म्हणवू शकत नाही. त्याचा प्रत्येक घटक कसोटीला उतरत असेल तरच 'नैसर्गिक घटकांपासून बनविलेला' एवढे म्हणता येते. शब्दांतील हा फरक लहान दिसतो, पण तो मुद्दाम केलेला आहे. पॉपकॉर्नबाबत सरकारनेही बारकाई दाखविली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने खुलासा केला होता की खारी-मसालेदार लाही सुटी असेल तर ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२ टक्के आणि साखरेच्या पाकातली असेल तर १८ टक्के कर. २०२५ मध्ये दर पुन्हा बदलले. त्या खुलाशावर देशभर विनोद झाले. मला मात्र वाटले, लाहीच्या कराची एवढी बारीक वर्गवारी जो देश करू शकतो, त्याला लाही करणाऱ्याच्या हवेची मोजणी करणे अवघड जाऊ नये.

दुसरे म्हणजे विचारावे. पाकिटावर कंपनीचा पत्ता असतो. हा पदार्थ कोणत्या मिठाने केला, ते मीठ हिमालयातले की समुद्राचे, असे आपण हौसेने विचारतो. तसेच, तुमच्या मसाल्याच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा आहे काय, कामगारांचा श्वास शेवटचा कधी तपासला, हेही एका ओळीत विचारावे. अशी पन्नास पत्रे गेली तर आमच्या पन्नास सभांचे काम होईल. जॅस्परच्या गोष्टीने मला एवढे शिकविले आहे की ग्राहक बोलला म्हणजे लवकर ऐकू जाते.

पुडे खाऊ नका, असे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. त्या बाईची नात तेच पॉपकॉर्न आवडीने खाते आणि बाई स्वतः हप्त्याला एक पाकीट घरी नेतात. मात्र तिच्या प्रश्नाचे उत्तर मी आता तिला देऊ शकतो, आणि गेल्या दिवाळीत दिलेही. मी म्हटले, "मावशी, पाकिटावर लिहिलंय ते खाणाऱ्यासाठी आहे. तुमच्यासाठी अजून कुणी काही लिहिलेलंच नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग लिवून घ्या की, भाऊ."

तेवढ्यासाठीच आज मी आपल्यासमोर उभा आहे.